‘तरीही’ हा शब्द गाळल्यावर

व्हिक्टर फ्रँकल यांचे छळछावणीच्या अनुभवांवरचे छोटे पुस्तक आता मराठी वाचकाला परके राहिलेले नाही. व्याख्यानमालांत त्याचा दाखला येतो, व्यवस्थापनाच्या शिबिरांत येतो, सकाळच्या सुविचारांत तर येतोच येतो. सांगितले जाते ते साधारण असे, की माणसाकडून सगळे हिरावून घेता येते, पण आलेल्या परिस्थितीकडे कसे पाहायचे हे ठरवण्याचे स्वातंत्र्य हिरावता येत नाही. ज्याने ते जपले तो ऑश्विट्झमधूनही तरून गेला. या विधानाचा पूर्वार्ध फ्रँकल यांचा आहे. उत्तरार्ध आपण जोडलेला आहे, आणि तो जोडायला फ्रँकल यांच्या मजकुरानेच काही ठिकाणी जागा करून दिली आहे. या लेखात मला ही जोडणी उसवून पाहायची आहे.

सुरुवात शीर्षकापासून करतो. हे पुस्तक आपल्यापर्यंत पोचले ते इंग्रजीच्या वाटेने. १९५९ साली अमेरिकेत ते ‘मृत्युछावणीपासून अस्तित्ववादापर्यंत’ अशा अर्थाच्या नावाने आले, आणि नंतर ‘माणसाचा अर्थशोध’ या अर्थाच्या नावाने जगभर गेले. मूळ जर्मन पुस्तक १९४६चे. त्याचे नाव अगदी कोरडे होते : एक मानसशास्त्रज्ञ छळछावणी अनुभवतो. त्याच वर्षी फ्रँकल यांनी व्हिएन्नाच्या ओटाक्रिंग या कामगारवस्तीतल्या लोकविद्यापीठात व्याख्याने दिली, आणि ती ‘तरीही आयुष्याला हो म्हणणे’ या नावाने छापली गेली. पुढे जर्मन आवृत्त्यांनी हेच नाव छावणीच्या पुस्तकालाही दिले. त्यातला पहिला शब्द आहे ‘ट्रॉट्सडेम’, म्हणजे तरीही. मी जर्मन कोश हाताशी घेऊन, ओळ ओळ लावत वाचतो. शिक्षकाकडे बसून शिकलेलो नाही. पण या एका शब्दाला कोशाचीही गरज लागत नाही. ‘तरीही’ म्हणणारा माणूस दुःखाला दुःखच म्हणत असतो. इंग्रजी शीर्षकातून तो शब्द गेला आणि उरला तो शोध. शोध म्हटले की काहीतरी सापडणार असे वाटू लागते, दुःख ही जणू खाण आणि अर्थ हे तिच्यातले सोने. मराठीत आपण हे आणखी पुढे नेले, कारण ‘सोन्याला आगीतून जावे लागते’ हे आपल्याकडे आधीपासून तयारच होते.

त्या ‘तरीही’ची जन्मकथा मात्र फारशी कुणी सांगत नाही. हे शब्द फ्रँकल यांचे नव्हेत. ते बुखेनवाल्ड छावणीच्या गीतातून आलेले आहेत. १९३८च्या अखेरीस तिथल्या अधिकाऱ्याने हुकूम सोडला, की छावणीला स्वतःचे गीत हवे. ते रचले फ्रिट्झ ल्योनर-बेडा यांनी आणि चाल लावली हर्मान लेओपोल्डी यांनी. दोघेही व्हिएन्नाच्या रंगभूमीवरचे नामवंत आणि दोघेही ज्यू कैदी. ल्योनर-बेडा म्हणजे फ्रान्झ लेहार यांच्या गाजलेल्या संगीतिकांचे एक शब्दकार. हजेरीच्या मैदानावर, थंडीत, तासन् तास उभे करून कैद्यांकडून हे गीत म्हणवून घेतले जाई. म्हणजे आयुष्याला होकार देणारे हे शब्द बंदुकीच्या धाकाने म्हटले गेले. आणि तरीही कैद्यांनी त्यांत आपला अर्थ भरला, हेही खरे. लेओपोल्डी सुटून अमेरिकेला पोचू शकले. ल्योनर-बेडा ऑश्विट्झजवळच्या मोनोविट्झ इथे डिसेंबर १९४२मध्ये मारले गेले. तिथे रासायनिक कारखाना उभारणीचे काम चालू होते, आणि हा म्हातारा पुरेसे काम करत नाही असा त्यांच्यावर ठपका होता. ज्यांचे शब्द जगाला धीर देतात ते स्वतः तरले नाहीत. ‘अर्थ सापडला म्हणून वाचला’ या सूत्रासमोर ठेवायला एवढी एक गोष्ट मला पुरेशी वाटते, पण प्रश्न तिथे संपत नाही.

फ्रँकल यांचा स्वतःचा प्रवास तारखांनिशी पाहिला पाहिजे. सप्टेंबर १९४२मध्ये त्यांना पत्नी आणि आईवडिलांसह थेरेसिएनश्टाटला नेण्यात आले. वडील तिथेच वारले. ऑक्टोबर १९४४मध्ये ते ऑश्विट्झला पोचले आणि तिथे काही दिवसच राहिले. तिथून त्यांना बव्हेरियात, डाखाऊच्या अखत्यारीतल्या काउफरिंग या उपछावणीत पाठवले गेले. अर्धवट जमिनीत खणलेल्या झोपड्या, विमान कारखान्यांसाठी चाललेले बांधकाम, उपासमार आणि टायफस असा तिथला हिवाळा. मार्च १९४५मध्ये ते ट्युर्कहाइमच्या छावणीत डॉक्टर म्हणून गेले आणि २७ एप्रिल १९४५ला सुटले. आई आणि भाऊ ऑश्विट्झमध्ये गेले, पत्नी टिली बेर्गेन-बेल्झेनला. पुस्तक त्यांनी नऊ दिवसांत तोंडी सांगून उतरवून घेतले, ते व्हिएन्नाला परतून या सगळ्या बातम्या कळल्यानंतर.

काही टीकाकारांनी फ्रँकल यांच्यावर आक्षेप घेतला, की चार-दोन दिवसांच्या ऑश्विट्झचा त्यांनी फार मोठा पट केला. हा आक्षेप मला निम्माच पटतो. पुस्तकाच्या आरंभीच ते सांगतात, की यातल्या बहुतेक घटना मोठ्या, नावाजलेल्या छावण्यांतल्या नसून लहान छावण्यांतल्या आहेत. ते वाक्य वाचक विसरतो, कारण मुखपृष्ठावर आणि मलपृष्ठावर ऑश्विट्झ असते. पण थेरेसिएनश्टाटमधल्या दोन वर्षांबद्दल हे पुस्तक जवळजवळ गप्प आहे, ही उणीव मला अधिक गंभीर वाटते. कारण ‘आंतरिक स्वातंत्र्य’ जर कुठे प्रत्यक्ष कामाच्या रूपात दिसले असेल तर ते तिथे. आत्महत्या रोखण्यासाठी आणि नव्याने आणल्या गेलेल्या लोकांना पहिल्या धक्क्यातून सावरण्यासाठी फ्रँकल यांनी तिथे एक गट चालवला. त्यात रेगिना योनास होत्या. १९३५ साली जर्मनीत रब्बी म्हणून दीक्षा मिळालेल्या या जगातल्या पहिल्या स्त्री. आगगाडीतून उतरणाऱ्या गोंधळलेल्या, बहुतांशी वृद्ध माणसांना सामोरे जाऊन बोलणे हे त्यांचे काम. ऑक्टोबर १९४४मध्ये त्यांनाही ऑश्विट्झला पाठवले गेले आणि तिथे त्या मारल्या गेल्या. प्रसिद्ध पुस्तकात त्यांचे नाव नाही. हे पुस्तक एकट्या माणसाच्या मनाचे आहे. त्यात फलाटावर उभ्या असलेल्या बाईला जागा नाही. आपण ‘वृत्ती निवडण्या’ची जी कल्पना करतो ती इतकी एकलकोंडी का, याचे एक कारण मला इथे दिसते.

आता मुख्य मुद्दा. फ्रँकल यांच्या पुस्तकात दोन वेगळे दावे शेजारी शेजारी राहतात. पहिला प्रतिष्ठेचा : मरण अटळ असतानाही माणूस कसा मरतो, शेवटचा पावाचा तुकडा कुणाला देतो, यात त्याचे काही तरी उरते. दुसरा तगून राहण्याचा : ज्याच्यापुढे भविष्यातले काही काम किंवा कुणी माणूस आहे तो टिकतो, ज्याचा धीर सुटला तो लवकर मरतो. दुसऱ्यासाठी ते दाखले देतात. एका कैद्याला स्वप्नात ३० मार्च ही सुटकेची तारीख कळली. ती जवळ आली, सुटकेचे चिन्ह दिसेना, तो तापाने फणफणला आणि ३१ला गेला. १९४४चा नाताळ ते नववर्ष या आठवड्यात मृत्यू एकाएकी वाढले, कारण नाताळपर्यंत घरी जाऊ ही आशा मोडली, असे छावणीच्या डॉक्टरांचे मत ते नोंदवतात. हे दाखले खोटे म्हणण्याचे कारण नाही. पण टायफस, उपासमार आणि कडाका असलेल्या त्या हिवाळ्यात आशेचा वाटा किती आणि उवांचा किती, हे कोण वेगळे करणार? डॉक्टर असलेल्या लेखकाने इथे हात थोडा सैल सोडला आहे.

आणि पुस्तकातच या दाव्याचे खंडन आहे. ऑश्विट्झच्या फलाटावर एक अधिकारी बोटाच्या हालचालीने माणसे डावीकडे किंवा उजवीकडे पाठवत होता. आपल्या गाडीतल्या सुमारे ९० टक्के लोकांसाठी ती हालचाल म्हणजे मरण होते, असे फ्रँकल लिहितात. त्या ९० टक्क्यांना अर्थ शोधायला दुपारही मिळाली नाही. ऑश्विट्झमध्ये आणल्या गेलेल्या सुमारे १३ लाख माणसांपैकी ११ लाख मारली गेली. त्यांच्यात आशा कमी होती का? फ्रँकल यांना हे माहीत होते. पहिल्याच काही पानांत ते सांगून टाकतात, की आमच्यातले सर्वोत्तम होते ते परत आले नाहीत. चाळीस वर्षांनंतर, १९८६ साली, प्रीमो लेव्ही आपल्या अखेरच्या पुस्तकात जवळजवळ हेच म्हणतात. फ्रँकल आणि लेव्ही यांना सहसा दोन टोकांना बसवतात. या एका वाक्यापुरते दोघे शेजारी बसलेले आहेत. सुविचारांच्या संग्रहात हे वाक्य मला आजवर दिसलेले नाही.

लेव्ही आणि जाँ आमेरी हे दोघेही मोनोविट्झमध्ये होते. ल्योनर-बेडा जिथे गेले तेच ठिकाण. आमेरी मूळचे व्हिएन्नाचे, नाव हान्स मायर. १९४३ साली बेल्जियममध्ये नाझीविरोधी पत्रके वाटताना पकडले गेले आणि ब्रेंडोंकच्या किल्ल्यात त्यांचा छळ झाला. १९६६च्या निबंधसंग्रहात त्यांनी थेट विचारले, की बुद्धीने, संस्कृतीने छावणीत काही मदत केली का? त्यांचे उत्तर नाही असे आहे. कामावरून परतताना एका संध्याकाळी त्यांना ह्योल्डरलिनची एक कविता आठवली आणि ती काहीच बोलेना. शब्द नुसते शब्द राहिले. श्रद्धावान माणसे, मग ती धर्मावर श्रद्धा असलेली असोत की मार्क्सवादावर, आपल्यापेक्षा बरी टिकली, हे त्या नास्तिकाने प्रामाणिकपणे नोंदवले, आणि तरीही त्यांच्यात सामील व्हावेसे वाटले नाही हेही लिहिले. लेव्ही यांचा अनुभव उलट. सूपाचे भांडे आणायला जाताना त्यांनी एका तरुण फ्रेंच सोबत्याला दान्तेचा एक सर्ग आठवून आठवून ऐकवला, आणि विसरलेल्या ओळींसाठी त्या दिवसाचे सूप देऊन टाकले असते असे पुढेही म्हणत राहिले. एकच छावणी, एकाला कविता परत मिळते, दुसऱ्याला नाही. यांतला कोण कमी ‘मुक्त’? हा प्रश्न विचारणेच मला असभ्य वाटते.

अमेरिकन समीक्षक लॉरेन्स लँगर यांनी १९८२मध्ये फ्रँकल यांच्यावर कठोर लिहिले. स्पिनोझा, नीत्शे, दोस्तोयव्हस्की यांच्या आधाराने फ्रँकल छावणीला जुन्या युरोपीय विचारात बसवतात आणि छावणीत जे मोडले तेच शाबूत असल्याचे भासवतात, असा त्यांचा रोख. लँगर यांनी ‘निवड नसलेली निवड’ अशी संज्ञा दिली : दोन्ही बाजूंना विनाशच असतो आणि तरी ठरवावे लागते. हा आक्षेप मला मान्य आहे, पण एका दुरुस्तीसह. फ्रँकल यांचे तत्त्वज्ञान छावणीत सापडलेलेच नव्हते. अर्थोपचाराची मांडणी ते विशीपासून करत होते. या विषयावरच्या पुस्तकाचे हस्तलिखित कोटाच्या अस्तरात लपवून ते ऑश्विट्झला पोचले होते आणि ते तिथे पहिल्याच दिवशी गेले. ट्युर्कहाइममध्ये तापाने फणफणलेले असताना त्यांनी कागदाच्या चिटोऱ्यांवर त्याची टिपणे पुन्हा काढायला सुरुवात केली. म्हणजे छावणीने त्यांना अर्थ दिला नाही. आधीचा अर्थ त्यांनी छावणीतून कसाबसा वाचवून आणला. दुःख हा गुरू आहे असे म्हणणाऱ्यांनी हा क्रम पाहावा. लँगर यांना जे तत्त्वज्ञान उसने वाटते ते फ्रँकल यांच्यापुरते उसने नव्हते. त्यांचे सामानच ते होते.

मराठी वाचक इथे हमखास का फसतो याबद्दल माझे एक निरीक्षण आहे. तुरुंग म्हटला की आपल्याला ग्रंथ आठवतात. टिळकांनी मंडालेत १९१०-११च्या हिवाळ्यात पेन्सिलीने ‘गीतारहस्य’ लिहिले. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा रविवारी गीतेवर बोलले आणि साने गुरुजींनी ते उतरवून घेतले. पुढल्या वर्षी नाशिकच्या तुरुंगात गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहिली. या परंपरेचा मला अभिमान आहे. या माणसांनी सोसलेले थोडे नव्हते. टिळक मंडालेत असतानाच सत्यभामाबाई गेल्या. परंतु या तुरुंगांत शिक्षेला तारीख होती, कैद्याला आपला गुन्हा मान्य आणि अभिमानाचा होता, बाहेर त्याची वाट पाहणारा समाज होता. टिळकांच्या वह्या सुटकेनंतर काही काळ सरकारकडे अडकल्या, पण परत मिळाल्या. फ्रँकल यांचे हस्तलिखित परत मिळण्याचा प्रश्नच नव्हता. छावणीतले जगणे म्हणजे मुदत माहीत नसलेले तात्पुरते जगणे, असे त्यांनीच म्हटले आहे, आणि सर्वांत पोखरणारी गोष्ट तीच होती. आपण ऑश्विट्झ वाचतो आणि डोळ्यांसमोर धुळ्याचा तुरुंग आणतो. मग छावणी ही एक कडक साधना वाटू लागते. मला वाटते, आपल्याकडे फ्रँकल इतके सहज स्वीकारले गेले ते या गैरसमजावर.

याच भूमीत दुसरा विचारही झाला आहे. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा डॉ. आंबेडकरांचा ग्रंथ १९५७ साली, त्यांच्या पश्चात, इंग्रजीत प्रसिद्ध झाला. त्याच्या प्रास्ताविकात त्यांनी चार आर्यसत्यांविषयीच शंका घेतली : जगणे, मरण, पुनर्जन्म सगळे दुःखच असेल तर माणसाला आशा कुठली? ही सत्ये बुद्धाच्या मूळ शिकवणुकीतली आहेत की नंतर घातलेली, असे त्यांनी विचारले. हा प्रश्न पंडिती नव्हता. ज्यांचे दुःख दुसऱ्यांनी रचलेले होते त्यांना दुःखाचे गूढ सांगणे म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक होते. फ्रँकल यांच्या बाजूने इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. पुस्तकाला पुढे जोडलेल्या भागात त्यांनी स्पष्ट लिहिले आहे, की अर्थ सापडायला दुःखाची गरज नसते. टाळता येणारे दुःख टाळावे, त्याचे कारण दूर करावे. विनाकारण सोसणे हा पराक्रम नव्हे. हे कलम वगळून जे फ्रँकल सांगतात ते मालकाच्या सोयीचे फ्रँकल सांगतात. कामाचे तास चौदा करून कामगारांना ‘वृत्ती निवडा’ म्हणणारी शिबिरे मी पाहिली आहेत.

माझ्या थोरल्या बहिणीच्या आजारपणात हे पुस्तक आमच्या घरात तीनदा आले, तीन वेगवेगळ्या शुभचिंतकांकडून. ताईने चाळीसेक पाने वाचली आणि म्हणाली, “बाबा रे, त्याला हे कुणी भेटायला येऊन सांगत नव्हतं. त्याचं तो म्हणाला.” समीक्षेच्या भाषेत मला हे इतक्या थोडक्यात मांडता आले नसते. हे विधान प्रथमपुरुषी आहे. ‘मी तरीही हो म्हणतो’ असे कैदी म्हणू शकतो. तेच ‘तू हो म्हण’ असे झाले, की त्याची जात बदलते. आणि ‘तू हो म्हटले नाहीस म्हणून बरा झाला नाहीस’ इथवर पोचायला मग फार वेळ लागत नाही. फ्रँकल यांना याची चाहूल असावी. पुस्तक प्रथम निनावी, केवळ कैदी-क्रमांकाने छापावे अशी त्यांची इच्छा होती. मित्रांच्या आग्रहामुळे नाव आले. लाखो प्रती खपल्यानंतरच्या प्रस्तावनेतही त्यांनी ते आपले यश मानले नाही, काळाच्या दैन्याची खूण मानली.

एका बाबतीत मात्र फ्रँकल यांना मोकळे सोडता येत नाही. सामूहिक अपराधाची कल्पना त्यांनी सुटल्यापासूनच नाकारली, आणि मार्च १९८८मध्ये, ऑस्ट्रिया जर्मनीला जोडला गेल्याच्या पन्नासाव्या वर्षी, व्हिएन्नाच्या नगरसभागृहासमोरच्या चौकातल्या भाषणातही तेच सांगितले. व्यक्ती म्हणून ही भूमिका उमदी आहे. पण स्वतःला हिटलरचा पहिला बळी म्हणवून घेणाऱ्या ऑस्ट्रियाला ती फार सोयीची होती. त्याच शहरात जन्मलेले आमेरी आपला रोष सोडायला तयार नव्हते. काळ जखमा भरतो हेच त्यांना अनैतिक वाटे. पीडिताने अर्थ शोधून शांत व्हावे, ही पीडा देणाऱ्यांच्या शेजाऱ्यांची अपेक्षा असते, आणि आमेरींनी ती पुरी केली नाही. आपल्याकडे आमेरी कुणी भेट म्हणून देत नाही.

पुस्तकाचा सर्वांत कमी उद्धृत होणारा भाग सुटकेनंतरचा आहे. दरवाजा उघडतो, कैदी बाहेर कुरणात जातात, फुले दिसतात, आणि कुणालाच काही वाटत नाही. संध्याकाळी एकजण दुसऱ्याला हळूच विचारतो, आज आनंद झाला का रे? आणि दुसरा लाजून सांगतो, खरे सांगू, नाही. आनंद होण्याची सवयच गेलेली असते. त्यानंतर तो ओटच्या शेताचा प्रसंग येतो. फ्रँकल एका सोबत्याबरोबर छावणीकडे चालले आहेत, वाटेत कोवळे पीक लागते. ते वळसा घालू पाहतात. सोबती त्यांचा हात धरून सरळ शेतातून ओढत नेऊ लागतो. पीक तुडवू नये असे फ्रँकल पुटपुटतात. त्यावर तो माणूस भडकून विचारतो, की माझी बायको आणि मूल गॅसमध्ये गेले आणि तू मला चार काड्या तुडवायला मना करतोस? फ्रँकल नंतर त्यावर उपदेशाची दोन वाक्ये लिहितात, ती बरोबरही आहेत. पण त्या क्षणी शेतात ते त्याला काय म्हणाले, हे त्यांनी लिहिलेले नाही.